पहिल्या दिवशीचा उजेड कुठला? – कॅटेकिझमच्या वर्गात प्रकाशाचं विज्ञान

खानापूरची टीचर

मंडळी, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की त्यातल्याच दहा-बारा पोरांना चर्चच्या पडवीत कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते. पोरं तीच, टीचर तीच, फक्त शनिवारचा फळा रविवारी नसतो.

दोन रविवारांपूर्वी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय चालला होता. 'प्रकाश होवो' वाचून झालं, पुढे चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र आले, आणि सातवीतल्या एका मुलीनं हात वर केला. "टीचर, सूर्य चौथ्या दिवशी केला ना देवानं? मग पहिल्या दिवशीचा उजेड कुठनं आला?"

मी काही बोलायच्या आत मागचा एक मुलगा म्हणाला, "शाळेतलं वेगळं गं, चर्चमधलं वेगळं." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला त्या मुलीच्या प्रश्नापेक्षा त्या माना जास्त लागल्या. म्हणजे माझ्याच पोरांनी दोन दप्तरं केलीत, एक शाळेचं, एक चर्चचं, आणि एकातली वही दुसऱ्यात जाऊ द्यायची नाही असं ठरवून टाकलंय. हे त्यांना कुणी शिकवलं? बहुतेक मीच. कारण शनिवारी मी देवाचं नाव काढत नाही आणि रविवारी विज्ञानाचं.

आमच्या चर्चच्या बाजूच्या खिडकीला लाल-निळ्या काचा आहेत. सकाळच्या मिस्साला ऊन आत आलं की फरशीवर त्यांचे ठिपके पडतात, आणि लहान पोरं प्रवचन चालू असताना हळूच हात पुढे करून तळव्यावर रंग घेतात. मी त्यांना कधी रागावत नाही. पण ती काच पांढऱ्या उन्हातले बाकीचे रंग गिळते म्हणून लाल दिसते, हेही मी त्यांना तिथं कधी सांगितलेलं नाही.

त्या मुलीला "पुढच्या रविवारी सांगते" म्हणाले, तो रविवार गेला. तुम्ही कसं शिकवता? प्रश्न दाबायचा नाही, आणि दोन दप्तरंही करायची नाहीत.

कॅम्पातला काका

टीचर, याचं उत्तर तयार आहे की! महास्फोट. बिग बँगची कल्पना मांडली तीच मुळी एका कॅथलिक धर्मगुरूनं, बेल्जियमच्या फादर जॉर्ज लमेत्र यांनी. १९२७ साली विश्व प्रसरण पावतंय असं लिहिलं, १९३१ मध्ये आदिअणूची, म्हणजे सगळं विश्व एकाच अतिदाट कणातून सुरू झाल्याची, कल्पना मांडली. म्हणजे आधी प्रचंड प्रकाश, मग कित्येक काळानं सूर्य. बायबलचा क्रम बरोबर जुळतो. पोरांना एवढं सांगा, विषय मिटला.

दोन पोरांची आई

काका, हे मला माहीत नव्हतं. धर्मगुरू होते ते?

कॅम्पातला काका

हो. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते, नंतर १९२३ मध्ये धर्मगुरू झाले आणि लूव्हँ विद्यापीठात शिकवत राहिले.

चंबू-परीक्षानळी

काका, लमेत्र यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं बरोबर. पण 'क्रम जुळतो' हे पोरांना सांगू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे. तीस वर्षं पीयूच्या (अकरावी-बारावीच्या) पोरांना भौतिकशास्त्र शिकवलंय, आणि हा जुळवाजुळवीचा मार्ग कुठं जातो ते पाहिलंय.

पहिलं विज्ञान. महास्फोटानंतर जवळजवळ ३ लाख ८० हजार वर्षं विश्व धुक्यासारखं होतं. मोकळे इलेक्ट्रॉन इतके की प्रकाशाचा कण (फोटॉन) दोन पावलं जाईपर्यंत कुणालातरी धडकायचा. आपल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी धुक्यात गाडीचा हेडलाइट जसा जागच्या जागी पांढरा होऊन बसतो, तसं. मग विश्व थंड झालं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले आणि प्रकाश मोकळा सुटला. तोच प्रकाश ताणून ताणून आज सूक्ष्मलहरी झालाय आणि सगळ्या आकाशातून येतोय. पेन्झियास आणि विल्सन यांना तो १९६४-६५ मध्ये सापडला. पूर्वी अँटेनाच्या टीव्हीवर स्टेशन गेलं की मुंग्या यायच्या, आठवतंय? त्या मुंग्यांतला थोडासा वाटा या प्रकाशाचा असायचा.

आता हे सगळं 'प्रकाश होवो'वर बसवायला गेलात तर कुठला क्षण धरणार? स्फोटाचा की धुकं निवळल्याचा? आणि पुढे बायबलमध्ये झाडं तिसऱ्या दिवशी, सूर्य चौथ्या. तो क्रम कुठल्या पुस्तकाशी जुळवणार? तुमची हुशार मुलगी पुढच्याच रविवारी हे विचारेल. जिचा विश्वास तुम्ही जुळणीवर टांगला, तिची जुळणी सुटली की विश्वासही सुटतो.

दुसरं म्हणजे खुद्द लमेत्र यांनाच हे पसंत नव्हतं. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात नव्या विश्वशास्त्राची सांगड 'प्रकाश होवो'शी घातली, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत हा विज्ञानाचा सिद्धांत आहे, तो श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरू नये, अशी त्यांची भूमिका होती. आपल्याच सिद्धांताला पोपनी उचलून धरलेलं असताना धर्मगुरूनं असं म्हणायला धैर्य लागतं. त्या प्राचीन प्रकाशाचा शोध लागल्याची बातमी त्यांना १९६६ मध्ये मृत्यूच्या थोडं आधी आजारपणात कळली. पोरांना लमेत्र यांची गोष्ट जरूर सांगा, पण अख्खी सांगा.

कॅम्पातला काका

मान्य, सर. माझ्या पोरांना मी अर्धीच सांगत आलो.

दोन पोरांची आई

टीचर, तुम्ही त्या मुलीला गप्प केलं नाहीत याबद्दल आधी तुमचे आभार मानते. माझ्या थोरलीनं चौथीत असताना असाच प्रश्न विचारला होता. कुठं, कुणाला ते लिहीत नाही. "देवाची परीक्षा घेऊ नये" एवढंच उत्तर मिळालं, तेही सगळ्या वर्गासमोर. घरी येऊन तिनं मला विचारलं, "मम्मी, मी पाप केलं का?" आज ती नववीत आहे. मिस्साला येते, प्रार्थना म्हणते, पण त्या दिवसापासून धर्माबद्दल एकही प्रश्न तिनं कुणाला विचारलेला नाही. मला ते शांतपण बघवत नाही.

सेमिनरीतला ब्रदर

टीचर, मुलीचा प्रश्न फार जुना आहे हे तिला नक्की सांगा. सूर्याआधीचा उजेड कुठला, हा प्रश्न चर्चचे थोर जुने विचारवंत संत अगस्तीन यांनाही पडला होता, सोळाशे वर्षांपूर्वी. ते त्यावर पानंच्या पानं विचार करत बसले आणि घाईनं ठाम बोलू नका असं सांगून गेले. ख्रिस्ती माणूस आकाश, तारे यांच्याबद्दल चुकीचं काहीतरी ठासून बोलू लागला, की ज्यांना ते विषय माहीत आहेत ते पवित्र शास्त्रावरचाही विश्वास सोडतात, अशी त्यांची काळजी होती. म्हणजे आपली मुलगी अगस्तीनच्या बाकावर बसलीय.

आता अध्यायाकडे बघू. आम्हाला सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, असं शिकवतात. सहा दिवस तीन-तीनच्या दोन ओळींत मांडा. पहिल्या ओळीत देव जागा करतो: पहिला दिवस उजेड आणि अंधार, दुसरा आकाश आणि पाणी, तिसरा जमीन. दुसऱ्या ओळीत त्याच जागा भरतो: चौथा दिवस सूर्य-चंद्र-तारे, पाचवा पक्षी आणि मासे, सहावा जनावरं आणि माणूस. पहिल्याच्या खाली चौथा येतो, दुसऱ्याच्या खाली पाचवा. पोरांना वहीत दोन ओळी आखायला लावा, पाच मिनिटांत त्यांचं त्यांनाच दिसेल. ही घड्याळाची नोंद नाही, स्तोत्रासारखी बांधलेली रचना आहे.

अजून एक. चौथ्या दिवशी 'सूर्य' आणि 'चंद्र' हे शब्दच मूळ हिब्रूत नाहीत. 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती' एवढंच आहे. आजूबाजूची राष्ट्रं सूर्याला आणि चंद्राला देव मानून पूजत होती. लिहिणारा म्हणतोय, हे देव नाहीत, देवानं टांगलेले दिवे आहेत. त्यांना चौथ्या दिवसापर्यंत थांबायला लावलंय ते म्हणूनच. हा अध्याय 'उजेड कशाचा बनलाय' याचं उत्तर देत नाही, 'कुणापुढे गुडघे टेकायचे' याचं देतो.

निपाणीकर

मी कॅथलिक नाही, पण विज्ञानशिक्षक आहे म्हणून लिहितो. आमच्या घरी दिवेलागणीला 'शुभं करोति' म्हणतात, आणि 'दिवा लावल्यानं शत्रुबुद्धीचा नाश कसा होतो?' हा प्रश्न माझ्या नातवानं मला विचारलाय. तेव्हा ही दोन दप्तरं सगळ्यांच्याच घरात आहेत.

एक विचारतो, राग मानू नका. गॅलिलिओचं काय सांगता पोरांना?

खानापूरची टीचर

राग कसला, सर. मागच्या वर्षीपासून जसं झालं तसं सांगते. १६३३ मध्ये चर्चच्या न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं, मरेपर्यंत, म्हणजे १६४२ पर्यंत, ते नजरकैदेत होते. आणि १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या प्रकरणात चर्चच्या लोकांची चूक झाली हे उघडपणे मान्य केलं. एका मुलानं लगेच हिशेब केला, "साडेतीनशे वर्षं लागली टीचर?" मी म्हणाले, हो, लागली. आज ना उद्या हे त्यांना मोबाइलवर सापडणारच आहे. तेव्हा टीचरनं लपवलं होतं असं त्यांना वाटायला नको.

ब्रदर, दोन ओळींचं मी उद्याच वहीत करून बघते. सर, पण मला त्यांच्या हाताला काहीतरी द्यायचंय. नुसतं बोलणं झालं तर पुन्हा तेच.

चंबू-परीक्षानळी

देतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला गोल बुडाचा काचेचा चंबू घ्या, २५० मिलिलिटरचा चालेल. स्वच्छ पाणी गच्च भरा, बूच लावा, गळ्याला सुतळी बांधा. दुपारी साडेचार-पाचला, ऊन तिरकं झालं की, पोरांना सूर्याकडे पाठ करून उभं करा आणि समोर चंबू उंच धरून हळूहळू खाली सोडा. एका उंचीला चंबूच्या खालच्या कडेला एकदम लाल ठिणगी चमकेल. अजून जरासा खाली, नारिंगी, पिवळी, हिरवी, मग निळी. दोनेक अंशांत सगळा खेळ. डोक्याच्या सावलीपासून चंबूपर्यंतचा कोन मोजा, ४२ अंशांच्या आसपास येईल. पावसाचा प्रत्येक थेंब हेच करतो: प्रकाश आत शिरताना वाकतो, मागच्या भिंतीवरून परततो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो. म्हणूनच आपल्याकडे भर दुपारी कधी इंद्रधनुष्य दिसत नाही. सूर्य ४२ अंशांच्या वर असला की कमान क्षितिजाखाली जाते.

हा प्रयोग माझा नाही. तेराशे साल उलटल्यावर काही वर्षांतच थिओडोरिक नावाच्या डॉमिनिकन संघातल्या जर्मन धर्मगुरूनं पाण्यानं भरलेले काचेचे गोळे घेऊन तो केला. आणि निपाणीकर सरांसाठी सांगतो, त्याच सुमारास इराणात कमालुद्दीन अल-फारिसी हेही पाण्याच्या गोळ्यावरून त्याच निष्कर्षाला पोचले. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. दोघांच्या मागे मात्र त्यांच्या तीनशे वर्षं आधीचे, प्रकाशावर ग्रंथ लिहिणारे शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम उभे होते.

एक सक्त सूचना. चंबूतून सूर्याकडे कुणी बघायचं नाही, आणि भरलेला चंबू उन्हात ठेवून जायचं नाही. तो भिंगच असतो, खाली कागद असला तर पेटतो.

कॅम्पातला काका

अर्धी गोष्ट सांगितल्याची भरपाई म्हणून एक पुरी सांगतो. कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर यूजीन लाफाँ नावाचे जेसुइट संघातले बेल्जियन धर्मगुरू भौतिकशास्त्र शिकवायचे. जगदीशचंद्र बोस त्यांचे विद्यार्थी. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये भारतीयांसाठी विज्ञानसंस्था काढली, तेव्हा लाफाँ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच संस्थेत २८ फेब्रुवारी १९२८ ला सी. व्ही. रामन यांना प्रकाशाच्या विकिरणाचा, म्हणजे विखुरण्याचा, एक नवा प्रकार सापडला. शाळेत विज्ञान दिन करता ना, तो हाच. एक डॉक्टर, एक पाद्री, आणि पुढे रामन. यात कुणी कुणाचा धर्म सिद्ध करायला गेलं नव्हतं.

लोंढ्याचा प्रवासी

२६ डिसेंबर २०१९ चं सूर्यग्रहण आठवतंय का कुणाला? नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मंगळूरकडे कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. आमच्या चर्चच्या आवारात आंब्याचं झाड आहे. नऊ-साडेनऊला येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा बघायला आलेली पोरं एकदम ओरडायला लागली. खाली बघतो तर पानांतून पडलेला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा! शेकडो कोरी, गोठ्याच्या गवतावर सुद्धा. पानांमधली प्रत्येक फट म्हणजे सूचिछिद्र कॅमेरा, बारीक भोकातून पलीकडे चित्र पाडणारा, हे मला तेव्हा फादरनी सांगितलं. एरवी कवडसे गोल का असतात हा प्रश्नच मला चाळीस वर्षांत पडला नव्हता. तो सूर्याचा आकार असतो!

शहापूरचे आजोबा

मी जुन्या वळणाचा माणूस. सगळं वाचलं, चांगलं आहे. पण आठवड्यातून एक तास मिळतो कॅटेकिझमला. त्यात चंबू आणि कोन केलेत तर प्रार्थना कधी पाठ होणार? आजच्या पोरांना निकेयाचा मतांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, धड म्हणता येत नाही. विज्ञानाला सहा दिवस आहेत की. सातवा तरी सोडा.

खानापूरची टीचर

आजोबा, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. तास एकच आहे, ते खरं. म्हणून मी ठरवलंय की चंबू शनिवारी शाळेत करायचा आणि रविवारी फक्त त्याची आठवण काढायची. पण मतांगीकाराबद्दल एक सांगते. त्यात 'प्रकाशापासून प्रकाश' येतं. पोरं ते म्हणतात, पाठ आहे. पण परवा एकानं विचारलं, "म्हणजे येशू फोटॉनचा आहे का, टीचर?" पाठांतर पक्कं होतं, अर्थ असा झाला होता.

सेमिनरीतला ब्रदर

त्याला सांगा, नाही, आणि प्रश्नाबद्दल शाबासकी द्या. जुन्या धर्मगुरूंना सांगायचं होतं की पुत्र पित्यापासून आहे, पण म्हणून पिता उणा होत नाही आणि पुत्र कमी दर्जाचा होत नाही. त्यांना रोजच्या व्यवहारात तसं एकच दिसलं: एका ज्योतीवर पेटवलेली दुसरी ज्योत. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, रात्री आपण तेच करतो.

खानापूरची टीचर

काल आणि आज काय झालं ते लिहिते.

शनिवारी चंबू केला. ढग होते, पावणेपाचला ऊन आलं. पहिली दहा मिनिटं कुणालाच काही दिसेना, मी घाबरले. मग प्रश्न विचारणारी तीच मुलगी जोरात म्हणाली, "लाल! लाल! हलवू नका!" मग एकेकाला दिसत गेलं. कोन कुणाचा ३९ आला, कुणाचा ४४. सरासरी काढायला त्यांनीच सुरुवात केली.

आज रविवारी आधी आजोबांच्या शब्दाला मान देऊन मतांगीकार म्हटला. मग वस्त्रांच्या खोलीचं दार-खिडकी लावून अंधार केला. एका पांढऱ्या कागदावर मधोमध खोबरेल तेलाचा थेंब. कागद उभा धरला, एका बाजूला एक फुटावर एक मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला चार. एका बाजूनं बघितलं की तेलाचा डाग दिसतो. चार मेणबत्त्या हळूहळू मागे सरकवत नेल्या आणि एका जागी डाग नाहीसा झाला, म्हणजे दोन्हीकडचा उजेड सारखा. फूटपट्टी लावली तर तेवीस इंच. दोन फुटांना एक इंच कमी. दुप्पट लांब गेलं की चौपट मेणबत्त्या लागतात, हे मी फळ्यावर वर्षानुवर्षं लिहितेय. आज पहिल्यांदा पोरांनी ते मला सांगितलं.

मग त्या एका मेणबत्तीवरून सगळ्यांच्या पेटवल्या, पास्काला करतो तशा. ब्रदरांनी सांगितलेलं मी सांगितलं. दप्तरं वेगळी म्हणणारा मुलगा बराच वेळ आपली मेणबत्ती बघत होता. मग म्हणाला, "टीचर, लांब गेलं की उजेड कमी होतोय. पण दुसऱ्याला दिला की कमी होत नाही." मी त्यावर काही बोलले नाही. तो दोन्ही वाक्यं एका दमात बोलला, मला तेवढं पुरे होतं.

दिवसांच्या दोन ओळीही वहीत आखल्या. पहिल्याखाली चौथा आला तशी ती मुलगी म्हणाली, "म्हणजे मी चुकीचं नव्हते विचारले."

शहापूरचे आजोबा

तेलाच्या डागाचं मी घरी करून बघितलं. बरोबर येतं. पुढच्या महिन्यात नातवंडं सुट्टीला येतील, त्यांना दाखवतो.

दोन पोरांची आई

टीचर, तुमचं वाचून दाखवलं थोरलीला. काही बोलली नाही, पण खोबरेल तेलाची बाटली कुठंय विचारलं.

धाकटा यंदा पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर पहिल्यांदा, घेणार, साडेआठ वर्षांचा आहे. त्याच्यासारख्या लहानांना चालेल असं काही आहे का?

चंबू-परीक्षानळी

आहे. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा संपवून बाहेर आलात की दक्षिणेला तोंड करून वर बघा. सगळ्यात तेजस्वी तारा व्याध. त्या वेळी तो जवळजवळ सर्वांत उंच जागी असतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. धाकट्याला सांगा, हा जो उजेड आत्ता तुझ्या डोळ्यात गेला, तो तुझ्या जन्माच्या सुमारास तिथून निघाला होता.

खानापूरची टीचर

सर, अजून एक राहिलं. चंबू आवरताना त्या मुलीनं विचारलं, "इंद्रधनुष्य मला आणि हिला एकच दिसतं का?" मी 'बहुतेक नाही' म्हणाले. बरोबर का?

चंबू-परीक्षानळी

बरोबर. प्रत्येक डोळ्याला वेगळ्या थेंबांतून रंग येतात, म्हणून शेजारी उभ्या दोघींची इंद्रधनुष्यं वेगळी. पण तिला उत्तर देऊ नका. शनिवारी वर्गातला सगळ्यात उंच मुलगा आणि सगळ्यात बुटकी मुलगी शेजारी उभी करा, चंबू हळू सोडा, आणि 'लाल' दिसला की दोघांना ओरडायला सांगा. कोण आधी ओरडतं ते तिलाच वहीत लिहू दे.